गावातला क्षयरुग्ण शोधण्यापासून बरा होईपर्यंत : आशा स्वयंसेविकांसाठी कामाची रीत

क्षयरोगाचे निदान करणारी यंत्रे आता तालुक्याच्या ठिकाणी आणि काही प्राथमिक आरोग्य केंद्रांतही आली आहेत, सरकारी औषधे विनामूल्य मिळतात, आणि नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षयरोग सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. असे असूनही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. गावात राहून हे काम पाहिले तर लक्षात येते की रुग्ण हातून निसटतो तो बहुधा दोन टप्प्यांच्या मधल्या जागेत. खोकला असतो पण बेडक्याचा नमुना दिलेला नसतो; नमुना दिलेला असतो पण अहवाल घरापर्यंत येत नाही; अहवाल येतो पण गोळ्या सुरू व्हायला आठवडा जातो; आणि गोळ्या सुरू झाल्या तर दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागताच त्या थांबतात. या प्रत्येक ठिकाणी गावात हजर असणारी आरोग्य व्यवस्थेतील व्यक्ती एकच असते, ती म्हणजे आशा स्वयंसेविका. पुढील मार्गदर्शन तिच्यासाठी आणि तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकासाठी आहे. निदान करणे, औषधांची मात्रा ठरवणे आणि ती बदलणे हे काम वैद्यकीय अधिकाऱ्याचेच आहे. आशाताईंचे काम त्या निर्णयापर्यंत माणूस पोहोचवणे आणि निर्णयानंतर त्याला सहा महिने सांभाळणे हे आहे.

कोणाला विचारावे आणि कसे विचारावे

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला, दोन आठवड्यांहून अधिक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, थुंकीतून रक्त पडणे, छातीत दुखणे, मानेला किंवा काखेत न दुखणारी गाठ येणे, ही लक्षणे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जातात. अडचण लक्षणे पाठ असण्याची नसते, ती विचारण्याच्या पद्धतीची असते. दारात उभे राहून ‘घरात कोणाला खोकला आहे का’ असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते, कारण विडी ओढणारा माणूस स्वतःचा खोकला आजारात धरत नाही आणि सुनेच्या खोकल्याबद्दल सासू सांगत नाही. त्याऐवजी, गेल्या महिन्यात कोणी दुकानातून खोकल्याचे औषध आणले का, रात्री खोकल्याने कोणाची झोप मोडते का, कोणाचे कपडे सैल होऊ लागले आहेत का, पूर्वीइतके काम कोणाला झेपेनासे झाले आहे का, असे प्रश्न विचारावेत. बायकांशी शक्यतो वेगळे बोलावे; त्यासाठी लसीकरणाचा दिवस किंवा अंगणवाडी ही सोयीची जागा आहे. मजुरीला जाणारी माणसे सकाळी दहानंतर घरी सापडत नाहीत, म्हणून निदान काही घरांच्या भेटी संध्याकाळी ठेवाव्या लागतात.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. छातीच्या आजाराची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेले नव्हते. दुसरी गोष्ट अशी की छातीचा एक्स-रे काढला नसता तर आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण सुटून गेले असते, कारण त्यांना विचारण्याजोगी लक्षणेच नव्हती. म्हणून गावात फिरते एक्स-रे यंत्र येणार असेल तेव्हा केवळ खोकणाऱ्यांना पाठवून भागणार नाही. ज्यांना धोका अधिक आहे अशांची यादी आधीपासून तयार असली पाहिजे. त्या यादीत पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले, गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरात क्षयरुग्ण होता असे, मधुमेही, एचआयव्हीबाधित, अतिशय कृश, दारू किंवा तंबाखूचे व्यसन असलेले, साठ वर्षांवरील वृद्ध, आणि दगडखाण किंवा खडी क्रशरवर काम केलेले लोक असावेत. दगडाच्या धुळीने फुप्फुसे आधीच खराब झालेल्या माणसाचा खोकला ‘धुळीचाच’ म्हणून सोडून दिला जातो. अशा माणसाचा नमुना तर घेतलाच पाहिजे.

लहान मुलांत लक्षणे वेगळी असतात. मूल खेळत नाही, वजन वाढत नाही किंवा घटते, ताप आणि खोकला दोन आठवडे रेंगाळतो, आणि घरात किंवा शेजारी मोठ्या माणसाला क्षयरोग आहे, एवढे जुळून आले तर मुलाला थेट वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यावे. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यामुळे त्यांची तपासणी रुग्णालयातच करावी लागते. बीसीजीची लस टोचली आहे म्हणून क्षयरोग होणारच नाही असे मानू नये. ती लस बालकांना मेंदूच्या क्षयरोगासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, मोठेपणीचा फुप्फुसाचा क्षयरोग ती रोखत नाही.

गावात खासगी दवाखाना असेल तर पुष्कळ रुग्ण आधी तेथेच जातात आणि सलाईन-इंजेक्शनवर महिना दोन महिने काढतात. त्या डॉक्टरांशी वैर धरून काही साधत नाही. मात्र दोन गोष्टी रुग्णाला ठामपणे सांगाव्यात. पहिली, रक्ताच्या प्रतिपिंड तपासणीवरून क्षयरोगाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, त्यामुळे तसा अहवाल कोणी दाखवला तरी बेडक्याची तपासणी करावीच लागते. दुसरी, काही प्रतिजैविकांनी क्षयरोगाचा ताप-खोकला थोडे दिवस दबतो, त्यामुळे मध्येच बरे वाटले म्हणून तपासणी टाळू नये. खासगी उपचार घेणाऱ्या रुग्णाची नोंद करणेही २०१२ पासून बंधनकारक आहे आणि पोषण आहाराची सरकारी मदत त्यालाही मिळते, हे बहुतेकांना माहीत नसते.

नमुना नीट घेणे

या सगळ्या कामात सर्वांत कमी लक्ष ज्याकडे दिले जाते आणि सर्वांत जास्त नुकसान ज्यामुळे होते ती गोष्ट म्हणजे नमुन्याचा दर्जा. मोहिमेच्या दिवसांत वरून आकडा मागितला जातो, आणि मग डबीत लाळ भरून संख्या पूर्ण केली जाते. प्रयोगशाळेतून ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल येतो, रुग्ण निश्चिंत होतो, आशाताईही निश्चिंत होतात, आणि तो माणूस पुढचे काही महिने घरच्यांना संसर्ग देत राहतो. लाळेचे दहा नमुने पाठवण्यापेक्षा बेडक्याचे तीन नमुने पाठवणे केव्हाही चांगले, आणि गटप्रवर्तकांनीही मासिक बैठकीत केवळ नमुन्यांची संख्या न पाहता त्यांपैकी किती अयोग्य ठरून परत आले हे विचारले पाहिजे.

साधारणपणे दोन नमुने घेतात : एक भेटीच्या वेळचा आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबरचा. सकाळचा नमुना अधिक महत्त्वाचा असतो, कारण रात्रभर छातीत साठलेला कफ त्यात येतो. ‘थुंकी द्या’ असे सांगितले की माणूस लाळ देतो. म्हणून छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका हवा आहे असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास कसे खोकायचे ते करून दाखवावे. आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावी, जेणेकरून अन्नाचे कण नमुन्यात येणार नाहीत. मग दोन-तीन वेळा दीर्घ श्वास घेऊन, तो क्षणभर रोखून, पोटातून जोर लावून खोकायला सांगावे. बेडका निघाला की तो तोंडाशी धरलेल्या नळीत सोडून झाकण लगेच घट्ट लावावे. नमुना निदान दोन मिलिलिटर भरला पाहिजे. तो घट्ट, पांढरट-पिवळसर किंवा रक्ताचा अंश असलेला असेल तर योग्य आहे असे समजावे, आणि पाण्यासारखा पातळ, फेसाळ असेल तर रुग्णाला थोडी विश्रांती देऊन पुन्हा प्रयत्न करायला सांगावे.

हे सर्व मोकळ्या हवेत करावे. परसात, ओट्याच्या पलीकडे, शेताच्या बांधावर कोठेही चालेल. घरात, शौचालयात किंवा उपकेंद्राच्या बंद खोलीत मात्र कधीही नाही. रुग्ण खोकत असताना आशाताईंनी काही अंतरावर, वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा आपल्याकडून रुग्णाकडे जाईल अशा बाजूला उभे राहावे. नाव, वय आणि क्रमांक नळीच्या अंगावर लिहावा, झाकणावर नाही, कारण प्रयोगशाळेत झाकणे काढून बाजूला ठेवली जातात. नळी पिशवीत बंद करून, बर्फाच्या पाकिटांसह नमुना वाहून नेणाऱ्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पाठवावी. ते शक्य नसेल तर उपकेंद्रातील सिस्टरांशी बोलून नमुना थंड जागी राहील अशी सोय करावी. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पिशवीत दिवसभर तापलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत खराब झालेला असू शकतो.

आता बहुतेक ठिकाणी सूक्ष्मदर्शकाऐवजी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी होते. ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केलेले असून ते बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज जाणाऱ्या लहान आरोग्य केंद्रांतही त्याचा उपयोग होतो. या यंत्रांवर जंतू आहेत की नाहीत हे काही तासांत कळतेच, शिवाय रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते जंतू दाद देतात की नाही हेही कळते. अहवाल एवढ्या लवकर तयार होऊ शकतो, म्हणून तीन-चार दिवसांत काहीच कळले नाही तर आशाताईंनी थांबून न राहता प्रयोगशाळेत किंवा क्षयरोग विभागाच्या पर्यवेक्षकांकडे फोन करून चौकशी करावी. अहवालात जंतू आढळले नाहीत पण खोकला, ताप आणि वजन घटणे सुरूच असेल, तर त्या माणसाला ‘टीबी नाही’ असे सांगून मोकळे करू नये. एक्स-रे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची तपासणी होईपर्यंत त्याचे नाव वहीतून खोडू नये.

अहवाल आल्यानंतरचे पहिले दिवस

निदानाची बातमी रस्त्यात, पाणवठ्यावर किंवा फोनवर सांगू नये. घरी बसून, रुग्णाला ज्यांच्यासमोर चालेल त्यांच्याच समोर सांगावी. पहिल्या भेटीत फार माहिती देण्याचा उपयोग नसतो, कारण ऐकणारा घाबरलेला असतो. हा आजार बरा होतो, औषधे फुकट आहेत, उद्या आपण दोघे दवाखान्यात जाऊ, एवढे तीन मुद्दे पुरेसे आहेत. ताट-वाटी वेगळी करण्याची, माणसाला गोठ्यात किंवा पडवीत झोपवण्याची तयारी घरात लगेच सुरू होते. त्यावर तेव्हाच बोलावे. क्षयरोग हवेतून पसरतो, भांड्यांतून, कपड्यांतून किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही. मद्रासमध्ये झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे दाखवून दिले होते की घरी राहून औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधील रुग्णांइतकेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांचा धोकाही वाढत नाही. योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्ग देण्याची शक्यता लवकर, बहुतेकांत दोनेक आठवड्यांत, पुष्कळ कमी होते. तोपर्यंत खिडक्या-दारे उघडी ठेवणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे, आणि लहान मुलांना रुग्णाजवळ न झोपवणे एवढी काळजी पुरते.

याच दिवसांत एक तपासणी आशाताईंनी स्वतः करावी, आणि तीत हयगय करू नये. रुग्ण आधाराशिवाय उभा राहू शकतो का, बसल्या जागी धाप लागते का, पायांवर सूज आहे का, आणि तो अतिशय कृश झाला आहे का, हे पाहावे. क्षयरोगाचे बरेच मृत्यू उपचार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत होतात. तामिळनाडूने २०२२ पासून अशाच सोप्या खुणांवरून गंभीर रुग्ण वेगळे काढून त्यांना तातडीने रुग्णालयात भरती करण्याची पद्धत राज्यभर लागू केली आहे. वरीलपैकी एकही खूण दिसली तर घरी गोळ्या देत बसू नये; १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही आणि रक्तातील साखरेची तपासणी झाली आहे की नाही हे विचारून घ्यावे. साखर आटोक्यात नसेल तर क्षयरोगाची औषधेही नीट काम करत नाहीत. क्षयरुग्णांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय प्रणालीत रुग्णाचा क्रमांक तयार झाला आहे का, आणि बँक खात्याचा तपशील भरला आहे का, हेही याच भेटीत पाहून टाकावे.

घरातील बाकीची माणसे

एका रुग्णाचे निदान झाले की त्याच्या घरातील प्रत्येकाची तपासणी करावी, हे सर्वांना ठाऊक असते. ते पूर्ण मात्र क्वचितच होते, कारण कोणी शाळेत, कोणी कामावर, कोणी मामाकडे गेलेले असते. म्हणून घरातील माणसांची नावे वयासह लिहून घ्यावीत आणि प्रत्येक नावापुढे तपासणीची तारीख पडेपर्यंत ती यादी बंद करू नये. ज्यांना लक्षणे आहेत त्यांचा नमुना, बाकीच्यांचा शक्य तेथे एक्स-रे, आणि ज्यांना क्षयरोग नाही असे ठरले त्यांना प्रतिबंधात्मक उपचार, असा हा क्रम आहे.

प्रतिबंधात्मक उपचार म्हणजे सहा महिने रोज आयसोनियाझिडची गोळी, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा याप्रमाणे आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिनचे बारा डोस. यांपैकी काय द्यायचे ते वैद्यकीय अधिकारी ठरवतात. येथे आशाताईंची खरी कसोटी लागते, कारण धडधाकट माणसाला गोळ्या घ्यायला लावणे हे आजारी माणसाला लावण्यापेक्षा अवघड असते. ‘मला काही झालेले नाही, मग औषध कशाला’ या प्रश्नाला उत्तर असे द्यावे की जंतू शरीरात शिरून वर्षानुवर्षे दबून राहू शकतात, आणि रुग्णाच्या सहवासात राहिलेल्यांत ते उफाळण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईवडिलांशी बोलण्यात कितीही वेळ गेला तरी चालेल, कारण या वयात रोग मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते. बारा डोसांचा उपचार घेणाऱ्यांसाठी आठवड्याचा एक वार ठरवून द्यावा. गावच्या बाजाराचा वार सहसा विसरला जात नाही.

रोजच्या गोळ्या आणि दुसरा महिना

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे एकत्रित गोळ्यांच्या स्वरूपात रोज दिली जातात, आणि गोळ्यांची संख्या वजनावरून ठरते. म्हणून दरमहा वजन करून ते कार्डावर लिहिणे आवश्यक आहे. वजन बरेच वाढले तर मात्राही वाढवावी लागते. गोळ्या कोणासमोर घ्यायच्या हे रुग्णाशी बोलून ठरवावे. आशाताईंचे घर दूर असेल तर अंगणवाडीताई, शेजारी किंवा गावातला बरा झालेला जुना रुग्ण उपचार सहाय्यक होऊ शकतो. जुना रुग्ण मिळाला तर फारच उत्तम, कारण त्याच्या शब्दाला जे वजन असते ते आपल्या कोणाच्याही शब्दाला नसते.

दुष्परिणामांची पूर्वकल्पना पहिल्याच आठवड्यात द्यावी. लघवी लालसर-केशरी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हे आधी सांगितले नाही तर रक्त जाते आहे असे समजून रुग्ण दुसऱ्याच दिवशी गोळ्या सोडतो. मळमळ होत असेल तर हलके काही खाऊन गोळ्या घेता येतील का ते विचारून सांगावे. हातापायांना मुंग्या येणे आणि सांधे दुखणे यांवर औषध असते, त्यासाठी उपचार थांबवण्याची गरज नसते. पण डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, सतत उलट्या होणे, दिसायला अंधूक होणे किंवा रंग ओळखता न येणे, अंगभर पुरळ उठणे, यांपैकी काहीही झाले तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रोज दारू घेणाऱ्या रुग्णांत यकृताचा त्रास अधिक होतो. ‘आधी दारू सोड, मग गोळ्या देते’ असे मात्र कधीही म्हणू नये. दारू सुटली नाही तरी गोळ्या चालू राहिल्या पाहिजेत.

एक गोष्ट प्रशिक्षणात पुष्कळदा राहून जाते. रिफाम्पिसिनमुळे माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. गावात त्या गोळ्या वाटणाऱ्या आशाताईच असतात, त्यामुळे क्षयरोगाचा उपचार सुरू असलेल्या बाईला निरोध किंवा तांबी हा पर्याय सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच येते. गरोदर बाईला क्षयरोग झाला तर उपचार लांबवायचे नसतात, आणि स्तनपानही चालू ठेवता येते. हे दोन्ही सासूला आणि नवऱ्याला समजावून सांगावे लागते.

आता दुसऱ्या महिन्याविषयी. चार-सहा आठवड्यांत ताप जातो, भूक लागते, खोकला थांबतो, आणि रुग्ण कामावर जाऊ लागतो. उपचार अर्धवट सुटण्याचा धोका येथे सर्वाधिक असतो, आणि नेमका याच वेळी कार्यकर्तीच्या भेटींचा जोरही ओसरलेला असतो, कारण रुग्ण ‘बरा दिसतो’. माझ्या मते आठवड्याला एक भेट द्यायची असेल तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यातल्या भेटी सर्वांत महत्त्वाच्या मानाव्यात. या काळात रुग्णाला असे सांगावे की सहज मरणारे जंतू पहिल्या दोन महिन्यांत मेले, म्हणून बरे वाटते. उरलेले चिवट जंतू मारण्यासाठी पुढचे चार महिने आहेत. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बेडक्याची पुन्हा तपासणी करायची असते. खोकला थांबल्यामुळे बेडका निघत नाही ही रुग्णाची तक्रार खरी असते, तरीही सकाळी एकदा प्रयत्न करायला सांगावेच.

गोळी चुकली असे कळले तर दुसऱ्याच दिवशी घरी जावे. रागावू नये, रागावलेल्या बाईपासून माणूस गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवून सुटका करून घेतो आणि गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. का चुकली हे विचारावे. लग्नाला गेलो होतो, पाऊस होता, रोजगार बुडतो, पोट बिघडले, या प्रत्येक कारणावर वेगळा उपाय असतो. राहिलेल्या दिवसाच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नयेत, आणि बरेच डोस राहिले असतील तर पर्यवेक्षकांना लगेच कळवावे.

अहवालात रिफाम्पिसिनला दाद न देणारे जंतू आढळले तर रुग्णाला औषधप्रतिरोधक क्षयरोगाच्या केंद्रात पाठवले जाते. आता अशा अनेक रुग्णांसाठी सहा महिन्यांची, सर्व गोळ्यांचीच औषधयोजना उपलब्ध आहे. पूर्वीसारखी दीड-दोन वर्षे आणि इंजेक्शने असे चित्र सांगून त्यांना घाबरवू नये.

अन्न आणि पैसा

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे सहभागी होती. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही तांदूळ-डाळीसारखा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. तसेच ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे चाळीस किलोच्या माणसाचे दोन किलो वजन वाढणे ही औषधाइतकी मोलाची गोष्ट आहे. दोन महिने झाले आणि वजन हलले नाही, तर डॉक्टरांना सांगण्यासारखी ती बाब आहे.

आहाराचा सल्ला देताना रुग्णाच्या चुलीकडे पाहून द्यावा. बदाम आणि सफरचंद सांगून काही होत नाही. शेंगदाणे, फुटाणे, मटकी, तूरडाळ, अंडी, दूध किंवा ताक, नाचणी, हंगामातली पालेभाजी आणि भाकरीवर चमचाभर तेल, हे गावात मिळते. क्षयरुग्णाने अंडी-मासे खाऊ नयेत, दही-ताक वर्ज्य करावे, अशी पथ्ये कोणी सांगितली असतील तर ती मोडून काढावीत.

निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. सहा महिन्यांच्या उपचारात ३,००० रुपये सुरुवातीला आणि ३,००० रुपये ८४ दिवस पूर्ण झाल्यावर खात्यात जमा होतात. पैसे अडकण्याची कारणे बहुतेक वेळा बँकेतली असतात : खाते बंद पडलेले, आधार जोडलेले नाही, नावात फरक. म्हणून पहिल्या आठवड्यातच पासबुक पाहावे. शिवाय निक्षय मित्र म्हणून कोणी संस्था, पतपेढी, शिक्षक किंवा सरपंच पोषण आहाराचे किट देऊ शकतो. मात्र त्यासाठी रुग्णाची संमती आधी घ्यावी, आणि किट देतानाचा फोटो गावाच्या गटावर टाकू देऊ नये. रुग्णाचा आजार गावभर करून दिलेली मदत पुढच्या रुग्णाला लपायला शिकवते.

क्षयरोगमुक्त पंचायतीच्या प्रमाणपत्रासाठी हजार लोकसंख्येमागे वर्षात किमान ३० संशयितांची तपासणी आणि एकापेक्षा जास्त रुग्ण नसणे अशा अटी आहेत. ग्रामपंचायतीचे लक्ष स्वाभाविकपणे दुसऱ्या अटीवर जाते आणि ‘या वर्षी रुग्ण दाखवू नका’ असा सूर क्वचित निघतो. अशा वेळी ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत पहिली अट वाचून दाखवावी आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सोबत घ्यावे.

स्थलांतर करणारे रुग्ण

बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघणारी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नंदुरबारमधून लोक गुजरातेत जातात. सहा महिन्यांचा उपचार आणि सहा महिन्यांचा हंगाम एकमेकांवर आले की उपचार मोडतो. त्यामुळे अशा गावांत तपासणीची मोठी फेरी सप्टेंबरमध्येच, टोळ्या निघण्यापूर्वी करून घ्यावी. उपचार चालू असलेल्या रुग्णाकडून तो कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण आणि त्याचा फोन क्रमांक काय, हे विचारून लिहून ठेवावे. पर्यवेक्षकांना सांगून प्रवासापुरत्या गोळ्या हाती द्याव्यात आणि निक्षयवरून रुग्णाची बदली त्या तालुक्याला करून घ्यावी. ही बदली दुसऱ्या राज्यातही होते. तेथील आशा किंवा पर्यवेक्षकांशी एकदा फोनवर बोलणे झाले आणि रुग्णाच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, कोणीतरी जाऊन आले, तरच ती बदली खरी समजावी. रुग्णाला अडचण आली तर १८००-११-६६६६ हा विनामूल्य क्रमांक देशात कोठूनही चालतो, तो त्याच्या कार्डाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहून द्यावा. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या बाईच्या बाबतीतही हीच रीत लागू आहे.

उपचार संपल्यानंतर

शेवटच्या महिन्यात बेडक्याची तपासणी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांची भेट झाल्याशिवाय उपचार संपला असे समजू नये. त्यानंतर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी रुग्णाची पुन्हा विचारपूस करायची असते, कारण क्षयरोग उलटण्याची शक्यता या काळात अधिक असते. या चार भेटींच्या तारखा उपचार संपण्याच्या दिवशीच डायरीत पुढच्या पानांवर लिहून ठेवाव्यात, अन्यथा त्या राहून जातात. भेटीत खोकला, ताप आणि वजन विचारावे, तंबाखू पुन्हा सुरू झाली का ते पाहावे, आणि थोडी जरी शंका आली तरी नवीन नमुना घ्यावा. रुग्ण आता ठणठणीत असला तर त्याला उपचार सहाय्यक व्हायची इच्छा आहे का, हेही विचारून ठेवावे.